चंद्रीचा पान्हा

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर सिद्धराम गवळ्याला एक प्रश्न रोज विचारला जायचा आणि त्याचं उत्तर वीस वर्षांत बदललं नव्हतं. एखादं नवखं गिऱ्हाईक मोटारसायकलवरून उतरायचं, मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचं आणि म्हणायचं, "किती वेळ लागंल?" सिद्धराम मान वर न करता सांगायचा, "तिला इचारा, पावणं."

गेली काही वर्षं ती म्हणजे चंद्री. पंढरपुरी जातीची म्हैस, पाठीवरून मागं गेलेली लांबच लांब शिंगं, कपाळावर नखाएवढा पांढरा चांद आणि डोळ्यांत कायम असा भाव की तुमची घाई तुमच्याजवळ ठेवा. बाहेरगावच्या माणसाला सांगायला हवं म्हणून सांगतो, कोल्हापुरात म्हैस कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पिळतात. धार थेट पेल्यात पडते आणि माणूस ते कोमट दूध फेसासकट तिथंच उभ्या उभ्या पितो. तापवायचं नाही, साखर घालायची नाही. पिऊन झालं की वरच्या ओठावरचा फेस हातानं पुसायचा आणि घरी जायचं.

आता म्हैस म्हणजे काही नळ नव्हे. तिच्या मनाला आल्याशिवाय दूध कासेतून सडात उतरत नाही, आणि ते उतरणं म्हणजे पान्हा. बहुतेक गवळी रेडकू आणून तोंडाशी लावतात, मग म्हैस पान्हवते. चंद्रीला रेडकू लागत नसे. सिद्धराम तिच्या कासेला कोमट पाणी लावायचा, तळहातानं सावकाश चोळायचा, तिच्या पोटाला कपाळ टेकवायचा आणि गप्प बसायचा. कधी चार मिनिटं जायची, कधी पंधरा. मग एकाएकी सड तट्ट फुगायचे आणि तो पेला खाली धरायचा. आख्ख्या गवळी गल्लीत असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. उगाच विनय दाखवायची सवय त्या घराण्याला नव्हतीच.

हा हात त्याला बापानं दिला होता. बाप मोठा शांत माणूस, आयुष्यात पोराला एकदाच मारलं. सिद्धराम दहा वर्षांचा असताना धार काढता काढता पलीकडच्या पोराला शिट्टी मारून हाक घातली, त्याबद्दल. "जनावर तुझ्या हातात हाय आनि तू दुसरीकडं हायस व्हय रं?" एवढं म्हणून एक ठेवून दिली. पुढं नव्वद सालानंतर पिशवीतलं दूध घरोघरी यायला लागलं, गल्लीतल्या कितीकांनी म्हशी विकून रिक्षा घेतल्या, पण सिद्धराम सकाळ-संध्याकाळ म्हशीपाशीच राहिला. गळ्यात लिंग, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. मनगटावर घड्याळ कधी बांधलंच नाही, कारण ते धार काढताना सडाला लागतं.

संध्याकाळी कट्ट्यावर दोन माणसं ठरलेली. एक आकाराम पैलवान. साठी उलटलेली, दोन्ही कान मोडलेले, आवाज असा की तो कट्ट्यावर बोलला तर नदीच्या घाटावर ऐकू जावं. दुसरे तात्यासो, शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. ते जैन, दिवस मावळल्यावर पोटात काही घेत नसत. त्यामुळं त्यांचा पेला उन्हातच व्हायला हवा. तेही घड्याळ बघत नसत. समोरच्या माडीवर पाण्याची टाकी होती, तिच्यावर ऊन असेपर्यंत त्यांची वेळ. तासभर आधी येऊन ते कट्ट्यावर मांडी घालून बसायचे आणि आकारामच्या तोंडून चाळीस वर्षांपूर्वीची एकच कुस्ती रोज नव्यानं ऐकायचे. वीस वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की टाकीवरचं ऊन गेलं आणि तात्यासोंचा पेला कोरडा राहिला.

आणि पूर्वी तिथं तिसरं माणूस असायचं, सिद्धरामची मुलगी विद्याश्री. चंद्री आठवड्याची असताना तिची आई, म्हणजे सिद्धरामची जुनी म्हैस, मेली. तेव्हा विद्या तेरा वर्षांची होती. शाळेतून आली की वाटीनं दूध पाजून तिनंच ते रेडकू जगवलं. पुढं चंद्री दुधात आली, कट्ट्यावर यायला लागली, तशी विद्याही वह्या-पुस्तकं घेऊन मागं मागं यायची. म्हशीकडं पाठ करून ती अभ्यास करत बसायची. पेल्यात धार पडायला लागली की आधी पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज व्हायचा, मग फेस चढेल तसा तो घुमायला लागायचा आणि शेवटी अगदी बसका व्हायचा. वहीतून डोकं वर न काढता विद्या म्हणायची, "भरला, अप्पा." आणि सिद्धराम हात थांबवायचा. पेला काठोकाठ असायचा. एकदासुद्धा ती चुकली नाही. गिऱ्हाइकांना याचं मोठं कौतुक होतं.

दोन हजार तीनच्या वैशाखात विद्याचं लग्न झालं, निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या घरात. माणसं चांगली, घर भरलेलं. निपाणी काय, एसटीनं तासाभराची वाट. पण लेक तासभर लांब गेली काय आणि दिवसभर लांब गेली काय, संध्याकाळी कट्ट्यावरची ती जागा रिकामी राहायची ती राहिलीच. सिद्धराम कुणाला बोलून दाखवत नसे. फक्त त्या जागी दुसरं कुणी बसलं की म्हणायचा, "जरा तिकडं सरका की."

पुढच्या वर्षी गणपतीत त्याचा मुलगा सोमेश मोबाईल घेऊन आला. सोमेश शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. तिथं सात म्हणजे सात; सातला एक मिनिट जास्त झालं की कार्डावर लाल शिक्का. त्यामुळं त्याच्या बोलण्यात मिनिटं फार. "अप्पा, लोकं तासतासभर खोळंबून बसत्यात. आता फोन करून येतील. तुमचा बी येळ वाचंल, त्यांचा बी." सिद्धराम म्हणाला, "माझा येळ कुनी चोरलाय लगा, वाचवायला?" मग सोमेशनं हुकमाचं पान टाकलं. "ताई बी फोन करंल." यावर सिद्धरामनं मुकाट्यानं हात पुढं केला.

दूध लागू नये म्हणून गंगव्वानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फोनला प्लास्टिकचा कागद गुंडाळून दिला. महिन्याभरात तो नंबर गंगावेशभर झाला. खोटं कशाला बोला, सिद्धरामला त्याची गंमतच वाटायला लागली होती. बंडीत फोन वाजला की मोठ्या सायबासारखा तो इकडंतिकडं बघून घ्यायचा. "म्हस आली का?" "आली." "किती मिनिटांत येऊ?" आणि ज्या माणसानं वीस वर्षं 'तिला इचारा' म्हणून सांगितलं, तो आता बिनदिक्कत सांगायला लागला, "पाच मिनिटांत या!" चंद्रीला न विचारता. मग पाच मिनिटांनी माणसं यायची, गाडी चालू ठेवूनच उभी राहायची आणि चंद्रीच्या कासेकडं अशी बघायची की जणू तिनंच त्यांना वेळ दिली होती.

पण खरा फोन पावणेसहाचा. त्या वेळी विद्याची सासू मठात जायची, सोप्यातला फोन मोकळा असायचा. आणि तीच नेमकी चंद्रीला पान्हवायची वेळ. सिद्धराम कान आणि खांद्याच्या मध्ये फोन दाबून धरायचा, एका हातानं कास चोळायचा.

"अप्पा, काय करतायसा?"

"ही काय, धार काढतोय."

"चंद्री बरी हाय न्हवं?"

"बरी हाय की. जावईबापू बरं हायत? पाऊस हाय का तिकडं?"

"हाय थोडा."

मग ती गप्प व्हायची. सिद्धरामला ती शांतता सोसत नसे. लेकीनं फोन केलाय म्हणजे बोलायला हवं, नाहीतर तिला वाटायचं बापाला गोडी नाही. म्हणून तो काहीही बोलायचा. गल्लीत कुणाचं बारसं झालं, सोमेशला बुटाचा नवा जोड मिळाला, आकारामचा गुडघा दुखतोय. ती नुसती हूं हूं करायची. दहा मिनिटं अशी जायची आणि फोन ठेवताना दोघांनाही वाटायचं, काहीतरी राहिलंच.

दसऱ्याच्या आसपास चंद्री दूध चोरायला, म्हणजे कासेतच धरून ठेवायला लागली. संध्याकाळचं पाच लिटर होतं ते तीनवर आलं, तिनाचं दीड झालं. सिद्धरामनं पेंड बदलून बघितली, भरडा बदलून बघितला. कुणीतरी दृष्ट लागली म्हणालं, तेव्हा जोतिबाचा गुलाल आणून कपाळाला लावला. जनावरांचा डॉक्टर येऊन म्हणाला, म्हैस ठणठणीत आहे, काही झालेलं नाही. शेजारच्या गोठ्यातला म्हणाला, पान्हवायचं इंजेक्शन मिळतंय, टोचलं की लगेच दूध. त्यावर सिद्धराम असा काही उखडला की तो शेजारी पुढं आठवडाभर त्या बाजूनं गेलाच नाही.

आणि सगळ्यांत झोंबणारी गोष्ट म्हणजे सकाळची धार. ती गंगव्वा घरी गोठ्यात काढायची, आणि तिच्या हाताला चंद्री भरभरून द्यायची. एके दिवशी सकाळी भरलेली चरवी बघून सिद्धरामचा पापडच मोडला.

"तुझ्या हाताला बरं येतंय गं? मी काय तिचं वाईट केलंय?"

गंगव्वानं चरवी खाली ठेवली. ती कमी बोलणारी, पण बोलली की सरळ. "तुमचा हात तितं असतोय. तुमी कुटं असतायसा?"

सिद्धरामला एकदम बापाची ती ठेवून दिलेली आठवली. गाल चोळावासा वाटला. पण माणूस लगेच कबूल होईल तर तो गवळी कसला. तो म्हणाला, "मग काय पोरीचा फोन घेऊ नको म्हन्तीस?" यावर गंगव्वा चरवी उचलून आत गेली. संध्याकाळी नवरा घरी आला की विद्या काय म्हणाली, हे त्याच्याकडून दोनदोनदा ऐकल्याशिवाय तिलाही जेवण जात नव्हतं. विषय तिथंच राहिला.

मग तात्यासोंचं झालं. एके संध्याकाळी टाकीवरचं ऊन गेलं तरी चंद्री पान्हवली नाही. तात्यासो उठले, म्हणाले, "ऱ्हाऊ दे सिद्धराम, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला रिकामा पेला कट्ट्यावर पालथा घातला, धोतर झटकलं आणि निघून गेले. चौथ्या दिवशी आलेच नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी सिद्धरामला भाकरी गोड लागली नाही.

तोवर दिवाळीचा पाडवा आला. गवळी गल्लीत पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, मोराची पिसं, कवड्यांच्या माळा, पायात चाळ घालायचे आणि म्हशीला वाजतगाजत न्यायचं. मालक मोटारसायकलवर पुढं, तिचा सायलेन्सर काढलेला, आणि म्हैस त्या फटफटाटात मालकाच्या हाकेमागं पळते. दोरी नाही, दावं नाही. म्हैस कुणाची हे त्या दिवशी आख्ख्या पेठेला कळतं. चंद्रीनं तीन वर्षं सिद्धरामच्या राजदूतच्या मागं शेपूट वर करून पळून गल्लीचं नाक वर ठेवलं होतं.

यंदाही निघाली. सिद्धराम पुढं, "ह्योऽ चंद्री, ह्योऽ!" ती मागं, दुतर्फा माणसं शिट्ट्या मारतायत. अर्ध्या वाटेवर बंडीतला फोन थरथरला. दोन महिन्यांची सवय. हात आपोआप खिशात गेला, गाडी बाजूला लागली.

"सिद्धरामअण्णा, आज पाडव्याचं म्हस कट्ट्यावर येनार हाय न्हवं? किती वाजता येऊ?"

त्यानं उत्तर देऊन वर बघितलं तर चंद्री थांबली होती. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं, शांतपणे वळली, आणि मोरपिसं हलवत, चाळ वाजवत, सगळ्या पेठेच्या देखत चालत चालत घरी परत निघाली. दारात गंगव्वा आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिच्यापाशी जाऊन ती उभी राहिली. गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. आकाराम तर भर चौकातून ओरडला, "सिद्धराम, तिला बी एक मोबाईल घेऊन दे की लगा! हाकंला येत न्हाय ती!"

सिद्धराम गाडी ढकलत घरी आला. गोठ्यात जाऊन बराच वेळ चंद्रीच्या शिंगांवरचा रंग बघत बसला. मग उठला आणि तडक शाहूपुरीत तात्यासोंच्या दुकानात गेला. पाडव्याची गर्दी होती, पेढे वाटणं चाललं होतं. त्या गर्दीत उभा राहून तो म्हणाला, "तात्यासो, आज कट्ट्यावर या. टाकीवरचं ऊन जायच्या आत पेला तुमच्या हातात देतो. न्हाय दिला तर म्हस उद्यापास्नं गंगव्वाच्या हाती, मी कट्ट्यावर बसनार न्हाय." तात्यासोंनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याच्या हातावर एक पेढा ठेवला.

संध्याकाळी चंद्री कट्ट्यावर उभी राहिली तेव्हा तात्यासो आपल्या जागी येऊन बसले होते. आकारामही होता. सिद्धरामनं फोन घरी ठेवला नव्हता. लेकीला सांगायचं ते तोंडानं सांगायचं, फोन नुसता वाजत ठेवून नव्हे, एवढं त्यानं ठरवलं होतं. इतर फोन आले ते त्यानं वाजू दिले. पावणेसहाला निपाणीचा आला. तो म्हशीपासून उठला, चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

"विद्या, ऐक बाळ. उद्यापास्नं ह्या येळंला फोन नगं. माझं ध्यान तुझ्याकडं जातंय, आनि चंद्री चोरती. तात्यासो तीन दिस उपाशी गेलं."

सिद्धरामला वाटलं, तोडलं आपण पोरीला. तो घाईघाईनं पुढं बोलणार इतक्यात ती म्हणाली, "अप्पा, मी बोलायला कुटं फोन करती?"

"मग?"

"ह्या येळंला तिकडं म्हशींच्या घंटा वाजत्यात. आकारामकाका वरडत असत्यात. धार पडत असती. मला त्ये ऐकायचं असतंय. पर तुमी बोलतच ऱ्हातायसा, मग मी बी काय म्हनू?" ती थांबून म्हणाली, "तुमी बोलू नगासा. नुसता चालू ठेवा."

दोन महिने आपण गल्लीतल्या बारशांचा पाढा वाचला, आणि पोरगी सगळा वेळ आपल्या बडबडीमागचं ऐकायला बघत होती! त्याला स्वतःचं हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही एकदम. तो परत कट्ट्यापाशी आला, फोन आकारामच्या हातात दिला.

"कासंजवळ धर. बोलू नगंस. खोकू बी नगंस."

आकारामनं आयुष्यात इतका नाजूक डाव कधी टाकला नव्हता. उकिडवा बसून, दुखऱ्या गुडघ्यावर कोपर टेकवून, त्यानं फोन दोन्ही हातांत धरला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. टाकीवरचं ऊन आता वरच्या काठाला आलं होतं. सिद्धरामनं कासेला पाणी लावलं. तळहात फिरवला. चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले.

बाजूला मोटारसायकलवर एकजण येऊन थांबला. "किती येळ..." त्यानं तोंड उघडलं, तसा तात्यासोंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या माणसानं गाडीची किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. चंद्रीनं एक लांब श्वास सोडला, तो सिद्धरामला कपाळाखाली कळला. मग हाताखालचे सड तट्ट फुगले.

पहिली धार रिकाम्या पितळी पेल्यात वाजली. मग दुसरी. आवाज हळूहळू घुमायला लागला, फेसात बुडत गेला, बसका होत गेला. सिद्धराम डोळे मिटूनच पिळत होता. कट्ट्यावर कुणी हालत नव्हतं. इतक्यात आकारामनं फोन आपल्या मोडक्या कानाला लावला, आणि त्याच्या त्या प्रचंड गळ्यातून जन्मात पहिल्यांदा कुजबुज निघाली.

"पोरगी म्हन्ती, भरला."

सिद्धरामनं हात थांबवला. पेला काठोकाठ होता. तात्यासोंनी तो दोन्ही हातांत घेतला, टाकीवरच्या बोटभर उरलेल्या उन्हाकडं एकदा बघितलं आणि एका दमात रिकामा केला. ओठावरचा फेस पुसून ते हसले. सिद्धराम त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला, तेवढ्यात आकारामनं त्याला कोपरानं ढोसलं.

"आरं बघत काय बसलास? पुढचा पेला लावा म्हन्ती."